पास केलेलं पाणी

डायलिसिसच्या वॉर्डात तिला सगळे शून्यताई म्हणत. रोज सकाळी सात वाजता ती मागच्या पाण्याच्या खोलीतून बाहेर यायची, हातातलं मीटर उंच धरायची आणि म्हणायची, "शून्य!" मग सिस्टर मशीनं सुरू करायच्या. आपण नळाचं पाणी पितो ते पोटात जातं. इथलं पाणी एका पातळ पडद्यापलीकडून थेट रक्ताला भिडतं. त्यात क्लोरीन राहिलं तर रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणून जगाची सगळी धडपड काहीतरी मिळवायची, आणि या बाईची धडपड शून्य मिळवायची. नऊ वर्षं तिने ते मिळवलं होतं आणि त्याचा तिला जरा ताठाही होता, खोटं कशाला बोला?

काम म्हटलं तर पाच मिनिटांचं. काचेच्या कुपीत पाणी घ्यायचं, पुडीतली पूड टाकायची, झाकण लावून हलवायचं आणि एक मिनिट थांबायचं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं जास्त तितकं गडद. मग कुपी मीटरमध्ये ठेवली की आकडा येतो. पण ते एक मिनिट नुसतं थांबणं शून्यताईला जन्मात जमलं नाही. कुपी ओट्यावर ठेवून ती वहीत तारीख, वेळ, टाकीचा दाब लिहून टाकायची. मिनिट संपेपर्यंत ओळ पुरी. कामाच्या बाईला रिकामं उभं राहणं म्हणजे शिक्षाच.

दर रविवारी टाकी आणि सगळे पाइप क्लोरीनच्या ब्लीचने निर्जंतुक करायचे. सोमवारी पहाटे पाचला रखवालदार पंप सुरू करायचा, दोन तास पाणी वाहून जायचं, ब्लीच धुऊन निघायचं आणि सातला ताई तपासायची. त्या सोमवारी तिला सडकून सर्दी झाली होती. नाक चेहऱ्यावर होतं ते केवळ शोभेला. आणि नाक धड असतं तरी काय मोठं कळणार होतं? वॉर्डाची फरशी रोज त्याच ब्लीचने पुसत. तिथल्या माणसांना तो वास येईनासाच झाला होता. तिने कुपी भरली, पूड टाकली, हलवली, वही लिहिली आणि वळून बघितलं. पाणी नितळ. मीटरवर शून्य.

"शून्य!" ती दारातून म्हणाली आणि पाठोपाठ शिंकली.

सिस्टरांकडे खरं तर प्रत्येक मशीनचं पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या असायच्या. त्या महिन्याभरापूर्वी संपल्या होत्या आणि कुणी मागवल्या नव्हत्या. शून्यताईचा आकडा असताना पट्टी कशाला?

पहिल्या खुर्चीवर मावशी बसली. ताईची सख्खी मावशी. आई गेली तेव्हा ताई सहा वर्षांची होती. तिला आंघोळ घालण्यापासून नोकरीच्या मुलाखतीला नेऊन बसवण्यापर्यंत सगळं याच बाईने केलं. आता आठवड्यातून तीनदा तिला चार तास या खुर्चीत काढावे लागत. जो आधी बसतो तो आधी सुटतो, म्हणून बाकीचे पाच जण पाळीपाळीने मागेपुढे बसत आणि मावशी मात्र कायम पहिली. ताईने सिस्टरांना एकदाच हळूच सांगून ठेवलं होतं. उघड वशिला होता. पण आपला तो बाब्या, हे काही लोकांनी उगाच म्हणून ठेवलेलं नाही.

त्या दिवशी दोनपैकी एक सिस्टर रजेवर होत्या. मावशीला लावून दुसऱ्या पेशंटच्या हातात सुया घालेपर्यंतच साडेसात होऊन गेले.

पहिलं मशीन पाणी ओढू लागलं की दहा मिनिटांनी ताई पुन्हा एक नमुना घ्यायची. हा नियम कुणी घालून दिलेला नव्हता, तिचा तिनेच केलेला होता. नळाखाली कुपी भरली, पूड टाकली, तेवढ्यात उघड्या दारातून मावशीची हाक आली.

"अगं, कितीदा शिंकतेस! औषध घेतलंस का?"

"घेते गं, हे झालं की घेते," ताई कुपी हलवत म्हणाली.

"हे झालं की, ते झालं की! लहानपणापासून हेच. आणि ऐक, सिस्टरना सांग, माझी पाठ भरून आलीये. छातीवर पण कसंतरी वाटतंय."

"गप पडून राहा दोन मिनिटं. रात्री परत बटाटे खाल्लेस ना?"

बोलता बोलता कुपी ताईच्या डोळ्यांसमोरच होती. वहीकडे वळायची विसरली म्हणून तिला ते दिसलं. पाण्यात गर्द गुलाबी रंग उसळला आणि दुसऱ्याच क्षणी विरला. पाणी पुन्हा नितळ झालं, जसं काही घडलंच नव्हतं.



फार वर्षांपूर्वी मीटर विकणाऱ्या कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. निघता निघता तो म्हणाला होता, "एक ध्यानात ठेवा. क्लोरीन बेसुमार असेल तर ते रंगालाच खाऊन टाकतं. मीटरला वाटतं, पाण्यात काही नाहीच. शंका आली की पातळ करून बघा." अति तिथे माती, असं म्हणून सगळे हसले होते. ताईही हसली होती. पुढे नऊ वर्षांत शंका कधी आलीच नाही.

आता आली. आणि इथे तिच्या हातून ते झालं, जे तिने नंतर कधीही स्वतःला माफ केलं नाही. तिने आधी ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही, तिने तपासलं. खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, ही हाताची सवय. आणि शंका खोटी ठरावी म्हणून मनातून ती देवाचा धावा करत होती. एक भाग हे पाणी, एकोणपन्नास भाग बाटलीतलं शुद्ध पाणी. घाईत पूड निम्मी ओट्यावर सांडली. पाणी गुलाबी झालं. ती डोळे फाडून बघत राहिली, पण रंग जाईना. पन्नास पट पातळ केलेलं पाणी गुलाबी!

"मशीन बंद करा!" ती किंचाळली. "सिस्टर, बंद करा! कुणाला लावू नका! पाण्यात ब्लीच आहे!"

सिस्टर दुसऱ्या पेशंटचा पंप सुरू करणार होत्या. बटणावरचा हात तसाच राहिला. क्षणभर त्यांना काही उमगेना. ही बाई वेडी झाली की काय, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "ताई, तुम्हीच तर शून्य म्हणालात," त्या म्हणाल्या.

ताई उत्तर द्यायला थांबली नाही. ती मावशीच्या मशीनपाशी धावली आणि तिनेच पंप बंद केला, तेव्हा तिला नळी दिसली. नळीतलं रक्त गडद असतं, हे तिने नऊ वर्षं पाहिलेलं. हे पातळ, उजळ लाल होतं, आरपार दिसावं इतकं. मावशीचे ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम डवरला होता.

"मला कसंतरी होतंय गं," मावशी म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता.

डॉक्टर धावत आले. "रक्त परत देऊ नका! नळीतलं एक थेंबही आत जाता कामा नये. चिमटे लावा!" सिस्टरांनी चिमटे लावले, मशीनची शिटी वाजत राहिली आणि दोघांनी मावशीची खुर्ची ढकलत शेजारच्या खोलीत नेली. दार बंद झालं. उरलेले पाच पेशंट आपापल्या खुर्चीत दगडासारखे बसून होते. 

ताई भिंतीला टेकून उभी होती. हातात अजून ती गुलाबी कुपी होती. रखवालदार आवाज ऐकून आत आला आणि तिच्या विचारण्यावर सहज म्हणाला, "पंप? लावला की पाचला. मध्ये लाइट गेली होती, सव्वापाच ते पावणेसात. ती तर नेहमीच जाते ताई, त्यात काय सांगायचं?"

म्हणजे दोन तासांची धुलाई अर्ध्या तासातच आटोपली होती. सगळं ब्लीच पाइपातच होतं. आणि तिने ते मीटर उंच धरून पास केलं होतं.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. "पाणी कुणी पास केलं?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटली.

सिस्टर पुढे झाल्या. बिचाऱ्या मनाने चांगल्या. "डॉक्टर, मीटर बिघडलं असणार. जुनं झालंय. ताईंची काही चूक नाही, त्या डोळ्यात तेल घालून काम करतात."

"मीटर ठणठणीत आहे," ताई म्हणाली. "मी पास केलं. रंग येऊन गेला, तेव्हा मी वही लिहीत होते. आजच नाही, रोजच लिहिते." मग तिला रडू फुटलं. वॉर्डात इतकी वर्षं जिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, ती सगळ्यांसमोर हुंदके देत उभी राहिली आणि कुणाला तिच्या खांद्यावर हात ठेवायचंही सुचलं नाही.

"सगळं लिहून द्या," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "बारा मिनिटं चाललं होतं. अर्धा तास झाला असता तर मला काहीच करता आलं नसतं. रक्त चढवतोय. बहुतेक निभावेल. बघून या."

मावशी पांढऱ्या चादरीत इतकीशी दिसत होती. बाजूला रक्ताची पिशवी टांगलेली. ताई खाटेच्या पायथ्याशीच थांबली; जवळ जायचं तिला धाडस होईना.

"ये ना इकडे. अशी परक्यासारखी काय उभी?"

"मावशी, माझ्यामुळे झालं गं. पाणी मीच तपासलं होतं. माझ्या हातून..."

"सांगितलं सिस्टरने." मावशीने डोळे मिटले.  ताईला वाटलं, झोप लागली. मग मावशीने विचारलं, "बाकीचे?"

"ते ठीक आहेत. त्यांना लावलंच नव्हतं अजून. फक्त तुलाच."

मावशीच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तिने चादरीतून हात काढला आणि ताईची बोटं धरली.

"मग बरं झालं बाई, मला पहिलं बसवलंस ते," ती म्हणाली.