मामाची खिडकी

दुपारी साडेतीनला भाचीने स्वतःच स्वतःला रक्तपेढीच्या सर्व्हरबाहेर काढलं. हुशारी नडली, दुसरं काय! पासवर्ड बंद, फक्त डिजिटल चावीने प्रवेश, तोही एका ठरावीक गटालाच, असे कडक नियम तिने लावले. गट तयार केला, पण त्यात माणसं घालायचीच राहिली. नियम लागू करून तिने समाधानाने स्क्रीनवरची सर्व्हरची खिडकी बंद केली, आणि पुन्हा आत शिरायला गेली तर मशीनने सरळ हाकललं: परवानगी नाही.

चारला पाळी बदलणार, नवी तंत्रज्ञ लॉगिन करायला जाणार. साडेचारच्या ऑपरेशनला कुठली पिशवी जुळते याची नोंद फक्त त्या मशीनमध्ये होती. आणि मशीन दोन तासांवर, दुसऱ्या गावात, कुलपात.

नव्या खिडकीतून आत गेल्याशिवाय जुनी बंद करायची नाही, हे मामाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हे काम तिला शिकवलं मामाने, आणि गेल्या महिन्यात निवृत्त होताना तिच्या हवाली केलं तेही त्यानेच. आज सकाळी साहेबांच्या हुकमावरून तिने त्याचीच चावी काढून टाकली होती, त्याला न सांगता. आता कुठल्या तोंडाने फोन करायचा?

पावणेचारला केला.

"मामा, मी घोळ घातला. कुणालाच आत जाता येत नाहीये."

"माझी चावी काढलीस, ते दिसलं मला."

"साहेबांचा हुकूम होता," ती शरमेने पुटपुटली.

"अगं, चावी काढली म्हणून आत बसलेला माणूस बाहेर पडतो होय? आज नियम बदलणार म्हणाली होतीस, म्हणून सकाळपासून खिडकी उघडी ठेवून बसलोय. सगळे अधिकार आहेत अजून. बोल पटकन."

"नव्या गटात सगळ्यांची नावं घाल."

फोनमधून कीबोर्डची टकटक ऐकू येत राहिली.

"ये आता."

ती आत गेली. चारला पाच मिनिटं कमी होती. तंत्रज्ञाला फोन लावला; तिचंही लॉगिन झालं. भाचीला रडूच फुटलं.

आत कोण कोण आहे ती यादी तिने काढली. मामाचं नाव सगळ्यात वर होतं. आता नियमाने त्याला तिनेच बाहेर काढायचं होतं.

"मामा, ते..."

"हाकलायला नको गं. तू नीट आत पोहोचलीस ना?"

"हो."

"मग मी निघतो."

तिने यादी पुन्हा काढली. एकोणतीस वर्षं हे काम सांभाळलेल्या मामाचं नाव आता त्यात नव्हतं.