तिकोणा पेठेतून थेट

थांबा, आज मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मी माईक बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं ऐकलं, आता पोटात मावत नाही.

मला हौशीरामने पुण्याहून आणलं. वडगाव मावळात त्याचं मोबाईलवरचं बातम्यांचं चॅनेल, 'मावळ दणका'. माझ्या गळ्यात चॅनेलच्या नावाचा लाल ठोकळा अडकवला आणि काय सांगू, माझी ऐट बघावी! खरं तर आवाज घ्यायचा त्याचा मोबाईल. माझी वायर नुसतीच खिशात खुपसलेली. पण मला बघितलं की माणसं केस सारखे करतात आणि कधी नव्हे ते शुद्ध बोलायला लागतात.

सुरुवातीला हौशीराम खड्ड्यांपाशी, कोरड्या नळांपाशी स्वतः जायचा. मग त्याला बसल्या जागी बातमी करायची चटक लागली. शनिवार-रविवारी पर्यटक येणार, म्हणून शुक्रवारी काहीतरी दणदणीत हवंच. अशाच एका शुक्रवारी स्टँडवर त्याच्या कानावर आलं, तिकोणा गडाच्या पायथ्याला, तिकोणा पेठेत कुणाला तरी उलट्या झाल्या. कुणाला? कशाने? गाडीला किक मारून गेला असता तर कळलं असतं, घाटातल्या वळणांनी एका पोरीला गाडी लागली होती. पण हा पठ्ठ्या वडगावातच एका मातीच्या भिंतीपुढे उभा राहिला.

"तिकोणा पेठेतून थेट! शालनमावशींच्या खानावळीत पर्यटकांना विषबाधा!"

चुलतभाऊ संदेशच्या तोंडाला रुमाल बांधून त्यालाच रुग्ण केला. तो पोट धरून कण्हतोय आणि मी त्याच्या तोंडापुढे! अस्सा संताप आला, पण ओरडू कसा?

शालनमावशी गडाखाली पिठलं-भाकरी करून घालायच्या. त्या रविवारपासून गिऱ्हाईक फिरकेना. तेही त्यांनी सोसलं असतं. पण गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशीची आमटी दरसाल मावशींच्या हातची. यंदा त्या पदर खोचून चुलाणापाशी गेल्या, तर सप्ताहाचं काम बघणारे दत्तोबा खाली बघत म्हणाले, "मावशी, औंदा तुमी नुसत्या बसा."

नेमका तेव्हाच हौशीराम एका पुढाऱ्यामागे मांडवात आला, मी त्याच्या हातात. मावशींनी त्याला अडवलं.

"तू तवा हितं आलतास का?"

"मावशी, सूत्रांकडून कळलं..."

"कोन सूत्र? नाव सांग की त्याचं!"

त्याने मला पाठीमागे लपवलं. "खुलासा टाकतो मावशी, आजच टाकतो."

"टाक. आदी जेव. समद्यांसमोर."

त्या घरी जाऊन पिठलं-भाकरीचं ताट घेऊन आल्या. सगळी पंगत बघत राहिली. हौशीराम बसला, तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. आणि हात तोंडापाशी थांबला. आपण खोटं बोललो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण खरं काय, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं ना!

मावशींनी तो घास त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खाल्ला.

हौशीराम मला तिथेच टाकून पळाला. खुलासा त्याने खरंच टाकला हो. पण गावाने त्याचा थांबलेला हात बघितला होता. आमटीच्या चुलाणापाशी दुसरीच बाई होती, ती तिथेच राहिली.

मांडव आवरताना कुणीतरी मला देवळाच्या कट्ट्यावर ठेवलं, तिथेच पडून आहे. मन लागत नाही. तुमच्यापैकी कुणी मला उचलणार असाल तर खुशाल उचला. पण आधी मावशींकडे जा, मांडी घालून पोटभर जेवा, आणि मगच तोंड उघडा.