आग्नेयेचे स्वयंपाकघर आणि संडूरची वाट

सुज्ञ वाचकहो, एका लहान पिकअप गाडीच्या मागे चाकांवरचे घर जोडून आम्ही पतिपत्नी बेंगळुरूहून संडूरला कसे गेलो, आणि पोहोचूनही काय मागे राहून गेले, याचे निवेदन प्रस्तुत लेखनात यथाशक्ती करीत आहे. मी बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे काम करणारा मनुष्य असून माझे शिक्षण कन्नड शाळेत सातवीपर्यंतच झाले. मराठी आमची घरची भाषा. तीत न्यून राहिल्यास वाचकांनी पदरात घ्यावे.

माझी पत्नी कावेरी न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हापासून तिच्या पाठीच्या कण्यात लोखंडी पट्टी आहे. तिला फार वेळ बसवत नाही. थोडे बसले की पाय पसरून सपाट निजावे लागते. बस तिच्यासाठी थांबत नाही आणि मोटारीत निजावे तर गुडघे दुमडावे लागतात. अशा स्थितीत तिची थोरली बहीण विठाबाई, जिला आम्ही सर्व अक्का म्हणतो, हिचा संडूरहून फोन आला.

"डोळ्यांपुढं धुरकट झालंय गं. डॉक्टर म्हणतात, आता औषध नाही. तुझं तोंड दिसतंय तंवर ये."

कावेरीने कानडीत होकार देत "सरी, येते" म्हटले आणि फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवसापासून तिच्या मुखातून दुसरा विषय निघेना. जेवताना संडूर, वेणी घालताना संडूर. तेव्हा मी निश्चय केला की, निजण्याची जागाच तिच्याबरोबर चालावी.

लोखंडी चौकट, वर हलका पत्रा, आत दोन बिछाने, एक ओटा आणि एक खिडकी, असे छोटे घर मी शेडमध्ये उभे केले व त्याची रीतसर नोंदणी केली. माझी पिकअप जेवढे ओढू शकते त्याहून ते बरेच हलके ठेवले. जोडणीच्या हुकाखाली दोन साखळ्या फुलीसारख्या बांधल्या, जेणेकरून हूक सुटला तरी घर रस्त्यावर मोकाट धावणार नाही. मागचे दिसावे म्हणून लांब दांड्यांचे आरसे लावले. चालत्या घरात कोणी बसावयाचे नाही हा माझा कडक नियम होता. कावेरीने पुढे माझ्याशेजारी बसावे आणि थांबल्यावर मागे जाऊन निजावे.

ओटा कोठे असावा हे मात्र तिने ठरविले. तेव्हा घर शेडमधून आणून बनशंकरीला, आमच्या राहत्या घराच्या अंगणात, पश्चिमेकडे तोंड करून उभे केले होते. तिने सूर्य पाहिला आणि मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखविले.

"अहो, स्वयंपाक आग्नेयेला. घर लहान म्हणून शास्त्र लहान होत नाही."

मलाही ते पटले. आमच्या कुळात आग्नेय सोडून चूल कोणी मांडलेली नाही. त्याप्रमाणे मागच्या टोकाला ओटा, सिलिंडर, पाण्याचे कॅन आणि दोघी बहिणींच्या आईचा वाटणाचा दगडी रगडा ठेवला. तो रगडा तिला अक्काच्या स्वाधीन करावयाचा होता.

पहिली फेरी तुमकूर रस्त्यावर झाली. सोबत शेजारच्या शेडचा लॉरीवाला मित्र देवाप्पा होता. नेलमंगलाच्या अलीकडे उतार लागताच मागचे घर डावी-उजवीकडे डोलू लागले आणि त्याबरोबर पिकअपचा मागचा भागही ओढला जाऊ लागला. कावेरीने माझा दंड धरला. मी ब्रेकला पाय लावला नाही, कारण अशा वेळी ब्रेक दाबल्यास मागचे घर पुढे चालून येते. अॅक्सिलरेटरवरचा पाय वर घेतला, स्टिअरिंगचे चाक सरळ धरून ठेवले. हळूहळू डोलणे थांबले.

कडेला उतरल्यावर देवाप्पा म्हणाला, "बिंदू अण्णा, तुझं घर भरतनाट्यम् शिकलंय काय?"

कोणी हसले नाही. मी साखळ्या सोडल्या आणि जोडणीचा दांडा उचलून पाहिला. तो एका हाताने वर आला. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की जू वर उचलते, त्यास उलाळ म्हणतात. आमचे घर उलाळ झाले होते.

"ओटा पुढे न्यावा लागेल," मी म्हणालो.

"चूल पुढं? कुठल्या दिशेला येईल ती?" कावेरीने विचारले.

मी सूर्याकडे पाहिले. रस्ता वायव्येस जात होता, म्हणजे घराची मागची बाजू आग्नेयेसच होती. शास्त्र चुकले नव्हते, तोल चुकला होता. मी तिला समजाविले, "जाताना चूल वायव्येस राहील. परतताना घराचे तोंड फिरेल आणि तीच चूल आपोआप आग्नेयेस येईल."

"म्हणजे जाताना अशुभ आणि येताना शुभ?"

"होय."

ती त्या रस्त्याकडे वळली. मग म्हणाली, "मला जायचंय. यायचं नंतर बघू."

शेडमध्ये परतून मी ओटा पुढे हलविला, रगडाही पुढे आणला. फार पुढेही नाही, कारण दांड्यावर अतिभार पडल्यास पिकअपची पुढची चाके हलकी होऊन ती वळणे ऐकत नाहीत. दांडा आता दोन्ही हातांनी कष्टाने उचलला जाई. नंतरच्या फेरीत घर मुकाट मागे आले.

आम्ही पहाटे निघालो व हळू गेलो. उतारावर खालचा गिअर, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. ठिकठिकाणी थांबून कावेरी मागे जाऊन निजे आणि खिडकीतून विचारी, "अजून किती?" मी म्हणे, "स्वल्पच." संडूरच्या तांबड्या डोंगरांत शिरलो तेव्हा ऊन कलले होते.

अक्का दारात उभी होती. तिने कावेरीचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ आणला.

"पांढरी झालीस गं."

"दिसतंय तुला?"

"पांढरं तेवढं चांगलं दिसतं."

दोघी हसल्या आणि मग कितीतरी वेळ हसल्या नाहीत. मुक्कामभर अक्का आमच्या चाकांच्या घरातच, दुसऱ्या बिछान्यावर निजली. मी पिकअपच्या सीटवर पडून त्यांची कुजबूज ऐकत असे. ते घर मी आम्हा दोघांसाठी बांधले होते, तथापि त्या बिछान्याचा मला हेवा वाटला नाही.

निघताना रगडा उतरविला आणि मी दांडा उचलून पाहिला. पुन्हा हलका. "इथे काहीतरी वजन हवे," मी म्हणालो. अक्काने मुलाला हाक मारून परसातल्या झाडाची चिंच भरलेले पोते आणविले.

"हे चालेल का, बिंदुमाधवराव? आमच्याकडं जड असं एवढंच आहे."

ते पोते रगड्याच्या जागी बसले. येताना चूल आग्नेयेस होती. कावेरीचे लक्ष चुलीकडे नव्हते. ती आरशात मागे पाहत होती.

घर आता अंगणात उभे आहे. अक्काला आता काहीच दिसत नाही; फोनवर आवाज तेवढा ओळखू येतो. कावेरी दुसरा बिछाना गुंडाळू देत नाही आणि आमटीला चिंच दुकानातून आणविते. पोत्याला हात लावला तर म्हणते, "राहू द्या. पुन्हा जाताना दांड्यावर वजन नको का?"

येथपर्यंत वाचणाऱ्या सर्व वाचकांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
बिंदुमाधव राव, बनशंकरी