माझ्याच घरात बिनपगारी

माझा लेक सोफे दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. हाताला गुण आहे, डोक्यात मात्र फोम भरलाय. शाळेतले दोन मित्र मोठे झाले, एक कारखानदार, दुसरा दातांचा डॉक्टर. त्यांच्यापुढे आपणही कुणीतरी बडे असल्याच्या थापा याने मारल्या. मारल्या तर मारल्या, वर त्यांना जेवायला बोलावलं!

हातोडी, कात्र्या, फोमचे तुकडे सगळं न्हाणीघरात कोंबलं. एका गिऱ्हाइकाचा मखमली सोफा खोलीत मांडला. त्याच्या पाठीला अजून कापड लागलं नव्हतं, म्हणून तो भिंतीला घट्ट चिकटवून ठेवला.

"आई, दोन तास तू स्वयंपाकीण हो. माझी आई परदेशी असते, असं सांगितलंय मी."

"आणि काय करते मी तिकडे?"

"हवापालट."

"किती वर्षं?"

"आठ."

मी म्हटलं, "ठीक. पण ते जायच्या आत त्यांच्यासमोर मला आई म्हणायचं. नाहीतर मी चालले लेकीकडे, आणि शिलाई मशीन माझं आहे, तेही नेणार."

गिऱ्हाइकाला 'उद्या नक्की' म्हणतो ना, तसंच "हो" म्हणाला मेला.

साहेब लोक गाडीतून आले. म्हाताऱ्या ड्रायव्हरला बाहेर पायरीवर बसवलं. टोपी त्याच्या कपाळात रुतली होती बिचाऱ्याच्या. मी त्याला ताट नेऊन दिलं.

आत डॉक्टर बोटं चाटत म्हणाला, "बाई, हाताला काय चव आहे! इथे देतात त्याच्या दुप्पट पगार देतो, चला माझ्याकडे."

"ती नाही यायची," लेक घाईने म्हणाला.

"का नाही? इथल्या पगाराची दुप्पट म्हणजे किती होते, तेवढं मालकांनाच विचारा," मी म्हटलं. लेकाला ठसका लागला.

तेवढ्यात कारखानदाराला फोटोची हुक्की आली. "सोफा खिडकीपाशी घेऊ. ड्रायव्हर!"

"नको, नको, जड आहे," लेक ओरडला. पण म्हाताऱ्याने आत येऊन सोफा ओढलासुद्धा. मागे नुसतं गोणपाट, खिळे आणि खडूने लिहिलेलं, 'गिऱ्हाईक तापट. शनिवारी देणे.'

म्हाताऱ्याने गोणपाटावरून हात फिरवला आणि कारखानदाराकडे वळला. "बंड्या, इथेही आपल्यासारखंच दिसतंय. काढू का आता टोपी? डोकं ठणकतंय रे."

"बाबा!" कारखानदार किंचाळला. मग सगळंच बाहेर आलं. कारखाना म्हणजे घरात खोकी चिकटवायचं एक यंत्र, आणि गाडी संध्याकाळपर्यंत भाड्याची.

डॉक्टर हळूच म्हणाला, "बाई, ते दुप्पट पगाराचं... जरा पुढे बघू."

तरी मला आई म्हणायचं सोडून माझा लेक सोफा परत भिंतीला ढकलू लागला. मी मागे गेले, शिलाई मशीन काखोटीला मारलं आणि त्यांच्यादेखत दाराकडे निघाले.

"थांब!" तो आडवा आला. कान लालबुंद. "ही स्वयंपाकीण नाही. आई आहे माझी."

डॉक्टर हात जोडून उठला. "परदेशातून कधी आलात?"

"आत्ताच," मी मशीन खाली ठेवून मखमलीवर ऐसपैस बसले. "प्रवासात पोटात कावळे ओरडतायत. ऊठ रे, आईला वाढ."