अभिप्रायवहीची चिकटलेली पानं

मी एका चित्रपटगृहाची अभिप्रायवही बोलतेय. माझी पानं दोनशे. त्यातली एकशे अठ्ठ्याण्णव कुणीही उघडून वाचावीत. उरलेली दोन, अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास, एकमेकांना चिकटलेली आहेत, आणि माझं सगळं आयुष्य त्या दोन पानांत अडकून पडलंय.

मी जन्मले बाइंडरच्या दुकानात. जाड पुठ्ठा, पाठीला हिरवं कापड, प्रत्येक पानावर शिक्क्याने उमटवलेला आकडा. चित्रपटगृहाच्या मॅनेजरसाहेबांनी मला विकत आणलं आणि बाहेरच्या दालनात, आत जायच्या दाराशेजारी, उंच स्टुलावर ठेवलं. पेन्सिल दोरीने बांधली. ती कुणी पळवू नये म्हणून दोरी इतकी आखूड, की डावखुऱ्या माणसाला कमरेत वाकून लिहावं लागे.

तिथे बसून मला माणसांची एक खोड कळली. ज्यांना सिनेमा आवडतो ते खाली नाव, आडनाव, झोकदार सही करतात. जे चिडलेले असतात ते लिहितात, ‘एक प्रेक्षक’.

दर सोमवारी सकाळी साहेब लाल पेन्सिल घेऊन मला वाचत. त्यांचा नियम साधा होता. एखाद्या गोष्टीबद्दल एक तक्रार आली तर ते माणसाचं मत. दोन आल्या तर ती गोष्ट बदलायची. पंखे, खुर्च्या, मुतारीचा वास, सगळ्यांना हाच न्याय. साहेब वाईट नव्हते. माझ्यावर त्यांचा फार विश्वास होता, एवढंच.

माझ्या उजव्या हाताला दारवाले काका उभे असत. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, हे त्यांचं काम. त्यांचा डावा गाल आणि मान भाजून आक्रसली होती, एक पापणी अर्धी मिटलेली, आणि आवाज पत्र्यावरून कानस ओढल्यासारखा. पूर्वी ते वर यंत्रखोलीत होते. एका दुपारी रीळ पेटलं. त्यांनी आधी खोली आणि प्रेक्षागृह यांच्यामधली लोखंडी झडप ओढून बंद केली आणि मग बाहेर पडले. खाली बसलेल्यांना आग लागल्याचं कळलंही नाही. माझ्या आधीच्या वहीत त्या दिवशीचा अभिप्राय होता म्हणतात, ‘सिनेमा मध्येच बंद पडला. व्यवस्था अत्यंत गचाळ. एक प्रेक्षक.’

काकांचा एकच दोस्त. पोस्टर चिकटवणारा. पिठाची खळ शिजवून बादलीत घेऊन फिरायचा, म्हणून काका त्याला खळ्या म्हणत.

“खळ्या, आज अंघोळ केलीस की खळच फासलीस?”

“तुझ्यासारखं दारात शोभेसाठी उभं राहायचं नसतं मला, काम असतं.”

एवढं बोलून दोघं चहा अर्धा अर्धा करत.

मग तो सिनेमा लागला. लहानथोरांसाठी, चित्रांचा, गाण्यांचा. ‘डोहातला गुरगुऱ्या’. एका गावाबाहेर डोह, डोहात केसाळ, थोराड प्राणी. तो गुरगुरतो म्हणून गाव त्याला घाबरतं, पोरांना तिकडे फिरकू देत नाही, शेवटी दिवट्या घेऊन त्याला हाकलायला जातं. खरं तर तो गुरगुरत नसतो. तो गात असतो. त्याचा गळाच तसा. एक मुलगी कान देऊन ऐकते, आणि मग सगळ्यांना ऐकू येऊ लागतं.

लोक डोळे पुसत बाहेर येत आणि माझ्यावर तुटून पडत. चार दिवसांत वीस पानं भरली. ‘डोळे पाणावले. रूपावरून कुणाला जोखू नये हा संदेश प्रत्येक मुलापर्यंत पोचला पाहिजे.’ ‘गाणी गोड, पण जरा कमी चालली असती.’ ‘गुरगुऱ्या आमच्या सासऱ्यांसारखा दिसतो, स्वभावाने मात्र चांगला आहे.’ ‘खुर्ची क्रमांक चौदाचा स्प्रिंग टोचतो.’

पहिल्या शनिवारी पान अठ्ठेचाळीसवर एका गृहस्थांनी पेन्सिल दाबून लिहिलं, ‘सिनेमा अप्रतिम. माझी दोन्ही मुलं गुरगुऱ्यासाठी रडली. मात्र दारावरचा माणूस पाहून धाकटा किंचाळला. असा भेसूर चेहरा कुटुंबासाठीच्या सिनेमाला दारात कशाला? याला मागे कुठेतरी ठेवावं. एक प्रेक्षक.’

वरच्या दोन ओळी आणि खालच्या चार, एकाच हाताने, एका दमात लिहिलेल्या. मी कागद आहे, मला हसता येत नाही. रडताही येत नाही.

रविवारी सकाळच्या खेळाला एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. दिवट्यांचा प्रसंग सुरू झाला तशी मुलगी धावत बाहेर आली. आई मागोमाग. मुलगी आत जायला तयार नव्हती. काका पायरीवर खाली बसले, तोंडाची बरी बाजू तिच्याकडे करून.

“घाबरलीस होय? मीही पहिल्यांदा घाबरलो होतो.”

“तो मरतो का?”

“मरत नाही. शेवट सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?”

त्यांनी तिला सगळा शेवट सांगितला. दाराआडून इतक्यांदा ऐकलेलं गुरगुऱ्याचं गाणं त्या कानशीच्या आवाजात गुणगुणून दाखवलं. मुलीने रडं थांबवून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुमचा आवाज अगदी त्याच्यासारखा आहे.”

“हो ना? मला कुणी बोलावलंच नाही सिनेमात.”

ती हसली. मग काका बॅटरी घेऊन पुढे, मुलगी त्यांचा सदरा धरून मागे, असे ते आत गेले.

खेळ सुटल्यावर काका दुसऱ्या दाराने गर्दी बाहेर काढत होते, तेव्हा मुलीने पान एकोणपन्नासभर चित्र काढलं. जाड रेघांचा एक मोठा माणूस, अर्धा चेहरा काळा, हातात बॅटरी; बॅटरीचा उजेड तिने आपल्या खिशातल्या पिवळ्या खडूने रंगवला. त्याखाली आईने बारीक अक्षरात लिहिलं, ‘माझी मुलगी अंधाराला घाबरते, आजवर एकही सिनेमा पुरा पाहू शकली नव्हती. आज दारावरच्या काकांमुळे पाहिला. त्यांचं नाव ठाऊक नाही. कृपया त्यांना हे दाखवावं.’ खाली नाव, आडनाव, सही.

त्याच दुपारी खळ्या आला. काल कुणीतरी काकांविरुद्ध लिहिलंय, हे तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंनी त्याला सांगितलं होतं. त्याने पान अठ्ठेचाळीस शोधून काढलं. वाचताना ओठ हलत होते. मग समोरच्या पानाकडे नजर टाकली. चष्मा त्याच्याकडे नव्हता, दाबून लिहिलेलं कसंबसं लागलं, चित्राखालचं बारीक अक्षर दिसलंच नाही; पोस्टरवरची हातभर अक्षरं वाचायला लागतो कुठे?

“पोरांच्या रेघोट्या,” तो पुटपुटला. “त्या गेल्या तर कुणाचं काय जाणार!”

त्याने बादलीत ब्रश बुडवला. माझ्या अंगावरून गार खळ फिरली, पानं मिटली, तळहाताने सफाईने दाबली. पंचवीस वर्षं पोस्टर चिकटवून सरावलेला हात, सुरकुती म्हणून राहिली नाही. काकांना त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकांनी करू दिलं नसतं.

सोमवारी साहेबांनी पानं उलटली. त्यांना काही कळलं नाही.

पुढच्या शनिवारी ते गृहस्थ पुन्हा आले, आणि पान एकसष्टवर लिहून गेले, ‘मुलांच्या हट्टाखातर परत यावं लागलं. गुरगुऱ्या पुन्हा पाहूनही तितकाच भावला. दारावरच्या माणसाबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. दखल नाही. एक प्रेक्षक.’

सोमवारी साहेबांची लाल पेन्सिल तिथे थांबली. त्यांनी मागची पानं चाळली. आकडे सत्तेचाळीसवरून पन्नासवर गेले. त्यांनी मला उजेडाकडे धरलं, नखाने कडा खरवडली, आणि काकांना बोलावलं.

“काका, ही पानं तुम्ही चिकटवलीत?”

काकांनी पानांना हात लावला. आंबूस वास घेतला. कुणाची खळ आहे, हे त्यांना लगेच कळलं. खळ्या तेव्हा शिडीवर होता, पुढच्या सिनेमाचं पोस्टर लावत.

“हो साहेब.”

“तक्रार तर माझ्यापर्यंत आलीच असती. पण वहीला हात लावलात? मी हिच्यावर चालतो हो.”

“चुकलं.”

“आत आणखी काय काय आहे?”

“मला नाही माहीत.”

ते खरंच होतं. साहेबांना ते खोटं वाटलं. पानं उघडायला गेले असते तर फाटली असती. आणि आत आणखी तक्रारीच असणार, हे ते धरूनच चालले होते. उद्यापासून येऊ नका, म्हणाले; लेखी काही केलं नाही, तेवढा मान ठेवला. काकांनी बॅटरी स्टुलावर, माझ्या शेजारी ठेवली, आणि गेले.

खळ्याला कळलं तेव्हा तो तडक साहेबांकडे निघाला होता. काकांनी दंड धरून अडवलं.

“तुझ्या घरी पाच माणसं आहेत. माझ्या घरी मी आणि रेडिओ. गप बस.”

“अरे, पण केलं मी!”

“माहितीये. इतकं गुळगुळीत मला जमलं असतं का?”

पुढे अभिप्राय मोबाइलवर घ्यायची पद्धत आली. मला रद्दीत टाकलं, तिथून खळ्याने उचलून आपल्या शेडमध्ये आणलं. माझ्या कोऱ्या पानांवर तो पोस्टरांची मापं लिहितो. चिकटलेल्या पानांवरून कधी अंगठा फिरवतो आणि म्हणतो, “हे विष आतच राहू दे.” मला ओरडावंसं वाटतं. विष अर्ध्याच जागेत आहे रे! समोरच्या पानावर काय आहे, ते तू तुझ्या हाताने मिटवलंस!

काका आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजतात. तिथे सगळेच तोंडाला फडकं बांधतात, कुणी कुणाचा चेहरा पाहत नाही. रविवारी शेडमध्ये येतात, चहाचा पेला नेमका माझ्यावर ठेवतात. पेल्याखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली अठ्ठेचाळीस पानं, आणि मग त्यांचं चित्र. पूर्वी ते गाणं गुणगुणायचे. थंडीने घसा आणखी बसला, आता नुसता श्वास ऐकू येतो. गेले तीन रविवार आलेलेच नाहीत. खळ्या चहा दोन पेल्यांत ओततो, आणि थोड्या वेळाने दुसराही स्वतःच पितो.

माझ्यापासून हातभर अंतरावर रोज खळ शिजते. वाफ माझ्या कडेपर्यंत येते. ही पिठाची खळ आहे, वाफेने सुटते, हे खळ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? परवा माझा खालचा कोपरा आपोआप सुटला, नखाएवढा. तिथे पिवळ्या खडूचा एक ठिपका दिसतोय.

कुणी या शेडमध्ये आलात, तर मला त्या भांड्यावर धरा. घाई करू नका, पान फाटेल. आणि उघडलं, तर डावीकडचं वाचू नका. उजवीकडचं बर्फाच्या कारखान्यात घेऊन जा. तिथे तोंडावरचं फडकं काढायला सांगावं लागेल, म्हणजे काका कोण ते कळेल.