अनुमोदक, सौ. विजयमाला

सोपानने ठरावबुकाचं पान उलटलं आणि घसा साफ केला. नगरपालिकेचा हा कारकून सभेत काय व्हायचं ते सभेआधीच लिहून आणत असे.

"ठराव क्रमांक चार. भाजीमंडई गावाबाहेर हलवून जुन्या जागी दुकानांची इमारत बांधणे. सूचक, आबासाहेब. अनुमोदक, सौ. विजयमाला..."

"थांबा," विजयमाला म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. दहा वर्षं ती नगरसेविका होती आणि दहा वर्षं बहुतेक ठरावांखाली अनुमोदक म्हणून तिचंच नाव पडत होतं. तिला कुणी विचारत नसे आणि तीही नंदीबैलासारखी मान हलवत असे. सुरुवातीला तिला याचा अभिमानसुद्धा वाटायचा.

पण त्या मंडईत तिची आई द्वारकाबाई अजून बसते. रोज पहिल्या एसटीने पिंपळीहून मेथी घेऊन येते. गावाबाहेर तिची जुडी घ्यायला कोण जाणार? आणि सकाळीच गटनेते आबासाहेबांनी बजावलं होतं, "वैनी, यंदाबी तिकीट तुमालाच. फकस्त आजचा ठराव नीट होऊ द्या."

विजयमालाने सोपानकडे पाहिलं.

"माझं अनुमोदन न्हाय."

आबासाहेब हसले. "बरं. सोपान, वैनींचं नाव खोड. दुसरं घाल."

"कुणाचं घालू?"

ठराव सगळ्यांनाच हवा होता. पण निवडणूक दोन महिन्यांवर आणि मंडईत दीडशे घरांची मतं. नगरसेवक अजित मोबाइलमध्ये शिरला. शेजारच्या विजयसिंहांना खिशातला चष्मा सापडेना. एकजण तर करंगळी दाखवून बाहेरच पडला.

मतं जायला नकोत, म्हणून दर वेळी आपलं नाव! विजयमालाला दहा वर्षांनी उमगलं. संताप आला, आणि संतापाहून जास्त लाज वाटली.

"अनुमोदक न्हाय म्हंजी ठराव पडतोय, आबासाहेब," सोपान हळूच म्हणाला.

"पडू दे." आबासाहेबांनी फाईल मिटली. "वैनी, तिकिटाचं आता इसरा."

सोपानने तिच्या नावावर रेघ मारली. पुढचं पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"म्याडम, फुडच्या सातीबी ठरावांवर तुमचंच नाव हाय. आता कसं करू?"

विजयमालाने खुर्ची पुढे ओढली.

"एकेक वाच. सावकाश. आज मी ऐकणार हाय."