बाहेरचे दुवे

आमच्या घरात मला दोन माणसं 'अहो' म्हणायची. एक बायको आणि दुसरा मुलगा. बायकोचं ठीक आहे. मुलगा म्हणायचा, कारण त्याला 'बाबा' म्हणता यायचं नाही. ब आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. शेवटी त्याने स्वतःच तोडगा काढला. आई ज्या शब्दाने हाक मारते तो अडत नाही, मग तोच आपणही घ्यावा. 'अहो, मला उचला ना.' एवढंसं पोर असं म्हणालं की दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. मीही हसायचो. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि हसरं गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही.

त्याला बोलतं केलं ते हिने. इंटरनेटवर अडखळणाऱ्या मुलांच्या आईबापांचा एक कट्टा आहे, तिथल्या गप्पांतून तिला युक्ती सुचली. दोघांनी एकाच वेळी, एका सुरात मोठ्याने वाचायचं. मूल रुळलं की आईने आपला आवाज इतका हळूहळू उतरवायचा की आपण एकटेच वाचतोय हे त्याला कळूही नये. दुकानाच्या काउंटरमागे बसून दोघं वर्षानुवर्षं वाचत होती. एक दिवस तो मला 'बाबा' म्हणाला आणि मी एका बाईला वाचायचा चष्मा म्हणून लांबचा चष्मा दिला.

हिने मग ती सगळी हकिगत कट्ट्यावर लिहिली. सुरुवातच होती, 'माझा मुलगा वडिलांना अहो म्हणायचा.' सोबत काउंटरमागचा फोटो, वर दुकानाची पाटी. लेख तुफान चालला. वाचा सुधारणारी केंद्रं, एक वर्तमानपत्र, शिक्षकांच्या साइट, सगळीकडून त्याच्याकडे दुवे आले. लोक दुवा देतात, असं ही कौतुकाने सांगायची, आणि तेव्हा ते दोन्ही अर्थांनी खरं होतं.

मुलगा मोठा झाला आणि गणिताचा शिक्षक झाला. उत्तम शिकवायचा. मग वर्गातल्या कुणाला तरी तो लेख सापडला, पाटी ओळखीची निघाली, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला, 'अहो सर, हे समजलं नाही. अहो सर, फळा पुसू का?'

आता यात चूक काढून दाखवा. मोठ्यांना अहो म्हणावं हे आपणच शिकवतो. ती कार्टी फक्त 'अहो'वर जरा रेंगाळायची आणि नंतर सगळा वर्ग कान देऊन बसायचा, सर आता कुठे अडतात ते बघायला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलं आदराने बोलतात, तक्रार कसली करता? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तो 'बेरीज'वर अडला. मग 'मिळवा' म्हणायला लागला. 'बीजगणित'ला मात्र पळवाट नव्हती.

एका संध्याकाळी तो आईला म्हणाला, 'ते काढून टाक.' हिने एक शब्दही न विचारता काढलं. लेखाच्या जागी कोरं पान यायला लागलं. वर्गाला दुसरा विषय मिळाला असावा, कारण महिन्याभरात तो जेवताना पुन्हा शाळेच्या गमती सांगायला लागला. आम्ही दोघं जेवण थंड होईपर्यंत ऐकत बसायचो.

आणि कट्ट्याने लेख परत लावला. आम्हाला न विचारता.

कट्टा सांभाळणारा माणूस 'दीपस्तंभ' या नावाने लिहितो. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्याच्या घरात उजेड पाडायचा आणि स्वतः मात्र अंधारात उभं राहायचं. मी त्याला पत्र पाठवलं. त्याचं उत्तर गोड होतं. कट्ट्याचा नियम आहे की बाहेरून दुवे येत असलेला मजकूर काढता येत नाही, काढला तर परत लावायचा, कारण कुठूनतरी गांजलेली आई त्या दुव्यावरून येते आणि तिला कोरं पान दिसतं. फोटो तो काढून टाकायला तयार होता. अहोचं वाक्य मात्र राहणार, कारण बाहेरचे दुवे माणसाला थेट त्या वाक्यावरच आणून सोडतात. फोटो काढून आता काय उपयोग? चेहरा सगळ्या शाळेला पाठ होता.

फारच लावून धरलं तेव्हा त्याने कट्ट्यावर मतदान घेतलं. हिने लिहिलं, 'लेख माझा आहे, पण ज्याच्याविषयी आहे तो आता मोठा माणूस आहे आणि तो नको म्हणतोय.' त्याखाली एका आईने लिहिलं की हा लेख वाचून तिची मुलगी आज पहिल्यांदा फोनवर आजीशी बोलली, कृपा करून काढू नका. ही ते वाचून रडली, आनंदाने की कशाने ते तिलाही सांगता येईना. मला त्या मुलीचा रागच आला. न पाहिलेल्या पोरीचा राग. तिचं बोलणं माझ्या मुलाच्या तोंडातून काढून घेतल्यासारखं वाटलं.

आम्ही हरलो, तेही सपाटून. शाळेत अहो पुन्हा सुरू झालं आणि वर्ष संपायच्या आत त्याने नोकरी सोडली. आता एका छापखान्यात गणिताच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो. तिथे दिवसभर बोलावं लागत नाही. घरीही तो आता बोलत नाही, मान हलवून भागवतो. मानेला काही ब लागत नाही.

परवा हिच्या फोनवर कट्ट्याची सूचना आली. तिच्या लेखाखाली कुणीतरी लिहिलं होतं. मुलाने. स्वतःच्या पूर्ण नावाने. 'या लेखातला मुलगा मी. युक्ती खरी आहे, तिच्यामुळे मी बोलायला लागलो. लेखामुळे थांबलो. आपल्या मुलाविषयी लिहिण्याआधी एवढं वाचा.' कितीतरी दिवसांत त्याने एवढं सलग काही सांगितलं नव्हतं. आम्ही घाईघाईने पान उघडलं तर ते तिथे नव्हतं. सूचनेपुरतंच उरलं होतं.

मी दीपस्तंभाला विचारलं. प्रतिसादात प्रश्न किंवा उपाय हवा, वैयक्तिक कैफियत नको, असा नियम आहे म्हणे. मी लिहिलं, मग परत लावा, तुम्ही लावता ना परत.

त्याचं उत्तर लगेच आलं. 'आपल्या भावना समजतो. पण त्या प्रतिसादाला बाहेरून एकही दुवा नाही.'